काळ्या दोऱ्याचं अंतर

इस्रायलच्या वाळवंटात, डिमोनात, मुंबईहून आलेल्या आम्हा बेने इस्रायली ज्यूंच्या वसाहतीत एक गृहस्थ राहत. त्यांच्यापुढे 'सुमारे' हा शब्द काढायची कुणाची टाप नव्हती. कुणी चुकून म्हणालंच, "अंकल, सुमारे दहाला येते," तर ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, "म्हणजे नऊ की अकरा?" आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलत नसत. तेच गृहस्थ शेवटच्या काही वर्षांत कुणी काही विचारलं की भिंतीकडे बघत म्हणू लागले, "सुमारे दहा. नाहीतर बारा." लोक म्हणाले, वय झालं. वय झालेलं नव्हतं. ते माझ्यामुळे झालं होतं, आणि गेल्या हिवाळ्यात ते वारले म्हणून आता मी हे लिहायला बसले आहे. ते असताना लिहायचं धाडस झालं नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

सगळे त्यांना अंकल म्हणत. मुंबईला ते एका गिरणीत टाइमकीपर होते. सव्वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचा उशीर लिहिला. इथे आल्यावर सरकारने त्यांना वाळवंटातल्या कापड गिरणीत सुताचे कोन मोजायला बसवलं. मीही त्याच गिरणीत होते, आणि राहायला नवरा आणि आईसह त्यांच्या वरच्या मजल्यावर. बायको मुंबईलाच वारलेली. एक मुलगी हैफाला. ती सुटीत आली की हे मराठीत विचारत आणि ती हिब्रूत उत्तर देई. बस तीन मिनिटं उशिरा आली म्हणून अंकल ड्रायव्हरशी हुज्जत घालायला लागले की ती त्यांचा हात ओढून म्हणे, "अबा, दाय!" म्हणजे बाबा, पुरे. त्यावर हे म्हणत, "तीन मिनिटं कुणाची गेली? तुझी नाय, माझी गेली." मला हसू यायचं, आणि रागही यायचा. असा माणूस शेजारी असला की आपण दिवसभर कुठल्या तरी परीक्षेला बसलोय असं वाटतं.

विमानांचं वेड त्यांना कसं लागलं, ते त्यांनीच एकदा सांगितलं होतं. मुंबईहून इथे येताना ते विमानात बसले, पट्टा लावला आणि झोपी गेले. मधे तेहरानला दुसऱ्या विमानात बसवलं तेव्हा डोळे चोळत बसले आणि पुन्हा झोपले. उठले ते थेट लोदच्या विमानतळावर. "आयुष्यात पहिल्यांदा हिंदुस्तान सोडला, आणि कधी सोडला ते मला ठावं नाय," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं गिरणीची मिनिटं सांभाळली, आणि स्वतःचे एवढे तास कुठं सांडले पत्ता नाय." ते तास त्यांनी पुढे जन्मभर शोधले असं म्हणायला हरकत नाही.

त्यांच्या टेबलावर शाळेने टाकून दिलेला एक पृथ्वीचा गोल होता, इंग्रजांचं राज्य गुलाबी रंगात दाखवणारा. त्यावर मुंबईला एक टाचणी आणि लोदला एक. दोन्हींच्या मधे गिरणीतलं सूत ताणलेलं. एक पांढरं, एक काळं. पांढरा दोरा सरळ, अडीच हजार मैलांचा. "हा पाखराचा," ते सांगत. काळा दोरा मात्र मुंबईहून निघून वर तेहरानला जाई, तिथल्या टाचणीला वळसा घाली, तुर्कस्तानावरून समुद्रावर उतरे आणि मग कुठे खाली लोदला येई. कारण मधल्या अरब देशांच्या डोक्यावरून इथलं विमान जाऊ देत नसत. "हा माणसाचा. पाखराला कुणी पासपोर्ट विचारत नाय, म्हणून त्याला लवकर पोचता येतं." कुणी नवीन माणूस पांढऱ्या दोऱ्याकडे बघून म्हणालं की अरे, जवळच आहे की मुंबई, तर अंकलना मनापासून राग येई.

पण हा नुसता छंद नव्हता. मुंबईहून कुणाचं माणूस यायचं असलं की आमच्या बायका आधी त्यांच्याकडे जात. माणूस सुखरूप पोचलं की एलियाहू हन्नाबी या आमच्या पैगंबराच्या नावाने मलिद्याचं ताट करायचं असतं. पोहे, खोबरं, गूळ, फळं. पोहे आधी भिजले तर लगदा होतो, उशिरा भिजले तर आलेलं माणूस ताटकळतं. तेव्हा प्रश्न एकच, "अंकल, पोहे कधी भिजवू?" अंकल कंपनीच्या वेळापत्रकावर विश्वास ठेवत नसत. हवेतले तास ते काळ्या दोऱ्याने काढत, हिवाळ्यात समोरच्या वाऱ्याचे वाढवत, मग दार उघडायला किती, पासपोर्टच्या रांगेला किती, बॅग यायला किती. शेवटी विचारत, "बोंबील आणतायत का?" सुके बोंबील असले की वीस मिनिटं जास्त. कारण कस्टमचा माणूस बॅग उघडणार, वास येणार, तो दुसऱ्याला बोलावणार, दुसरा नाक धरून तिसऱ्याला. नुसती कोकमं असली तर सात मिनिटं. हे ऐकून आम्ही तोंडाला पदर लावत असू, आणि घरी जाऊन पोहे मात्र त्यांनी सांगितलेल्या मिनिटाला भिजवत असू. चुकलेले मी तरी पाहिले नाहीत.

त्यांचं कठोरपण पाहिलं ते एका जानेवारीत. आमच्याच जिन्यावरच्या एका म्हाताऱ्या जोडप्याची मुलगी येत होती. विमान पावणेतीनला उतरायचं. पाच वाजले, बातमी नाही. त्या वर्षांत विमानं पळवून नेण्याचे प्रकार चालू होते, त्यामुळे रेडिओजवळ कुणी बसायला तयार नाही आणि रेडिओ बंद करायलाही कुणी तयार नाही. दोघं अंकलच्या खोलीत येऊन बसली. म्हातारी म्हणाली, "भाऊ, येईल ना हो माझी पोर?" कुणीही म्हटलं असतं, येईल बाय, येईल. अंकल म्हणाले, "तेल सव्वा तासाचं जास्त असतं. तो सव्वा तास संपून एक तास झाला. यापुढचं मला विचारू नका." म्हातारी जमिनीवरच बसली. मी इतकी भडकले की त्यांच्या तोंडावर म्हणाले, "तुमच्या छातीत घड्याळ आहे का हो, अंकल?"

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. धुक्यामुळे विमान सायप्रसला उतरवलं होतं. मी वरून टोमणा मारला, की काल दोन गोड शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "काल खोटं बोललो असतो, तर उद्या माझ्या खऱ्यावर कोण विश्वास ठेवील?" मला ते उत्तर उर्मटपणाचं वाटलं. माझ्या आईला नाही वाटलं. आई म्हणाली, "या वसाहतीत एकच माणूस आहे ज्याचं बोलणं परत तपासावं लागत नाय."

आता त्या दिवसाचं सांगते.

माझा दादा मुंबईला राहिला होता. त्याची नोकरी होती, बायको यायला तयार नव्हती. नऊ वर्षांत आईने त्याला पाहिलं नव्हतं. शेवटी तो यायचा ठरला, एकटाच, पंधरा दिवसांसाठी. अंकलनी आठवडाभर आधी दोरा लावला. लोदला अकरा दहाला उतरेल. बोंबील आणतोय, म्हणजे बारा दहाला बाहेर. आईने डिमोनाचा हिशेब पाठ करून ठेवला होता, दोन वाजून दहा मिनिटं.

त्या मंगळवारी सकाळी सहाला ती नारळ खवायला बसली आणि खवणीवरच वाकडी झाली. तिला जुना अंतर्गळ होता, पट्टा बांधून दिवस काढायची. त्या दिवशी पट्ट्याने ऐकलं नाही. माझा नवरा मिलुईमवर होता, सैन्यात वर्षातून बोलावतात तसा. मी खाली धावले, अंकलनी क्लिनिक उघडवलं, गाडी आणवली, आणि आमच्याबरोबर लोदच्या वाटेवरच्या बेरशेबाच्या इस्पितळात आले. जाताना शेजारच्या टॅक्सीवाल्याला दादाचं नाव लिहून देऊन बजावलं, की लोदहून थेट इस्पितळात आण. पावणेआठला आम्ही पोचलो. साडेआठला डॉक्टर आला, आर्जेंटिनाचा, तरुण, डोळे जागरणाने लाल झालेला. आतडं अडकलंय, रक्त पोचत नाहीये, दहाच्या आधी ऑपरेशन करायला हवं. हृदय अशक्त आहे, धोका आहेच. पण नाही केलं तर आशाच नाही. मी आईला मराठीत सांगितलं.

आई म्हणाली, "दादाला येऊ दे."

"आई, तो यायला दीड वाजेल."

"मग दीडला करा." तिच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडलेले, पण आवाज घरातलाच. "तुझे बाबा असेच आत गेले. मी दारात उभी राहिले, ते बाहेर आले नाय. मी पोराचं तोंड बघितल्याशिवाय बेहोश व्हायची नाय." मग तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "भाऊ, इस्पितळात किती वाजता येईल?"

अंकल खिशातल्या घड्याळाकडे न बघता म्हणाले, "एक पस्तीस, बाय."

"ऐकलंस?" आई मला म्हणाली, आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टर नऊला पुन्हा येऊन गेला. सहीचा कागद नर्सच्या हातात तसाच. मी विनवलं, रडले, ओरडले. आई डोळे मिटून पडून राहिली, मधेच कण्हत होती. सव्वानऊला मी अंकलचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलं.

"अंकल, तिला सांगा विमान तेहरानला अडकलंय. उद्या येणार."

"अडकलंय?"

"नाही. पण सांगा."

"पोरी, मी असं..."

"माझं ती ऐकत नाहीये. तुमचं ऐकते. तुमच्या त्या खऱ्याचं लोणचं घालणार आहात का? आत माझी आई मरतेय!"

ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. म्हणाले, "त्याला तिने बघितलं नाय आणि काय झालं तर?"

"आणि नाही केलं तर काय होणार, ते डॉक्टरने सांगितलंय. तुम्ही नाही बोललात तर तिचं मरण तुमच्या डोक्यावर."

हे वाक्य मी बोलले. शब्दन् शब्द असंच. मग त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता सांगू?"

आम्ही आत गेलो. अंकल खाटेजवळ ताठ उभे राहिले, हजेरी वाचायला उभे असावेत तसे. "बाय, खालून फोन केला होता. तेहरानला इंजिन बिघडलंय. आज निघत नाय. उद्या सकाळी निघेल, इथं उद्या बारा वाजून वीसला."

आईने डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता संपलं, हिने ओळखलं.

"नक्की, भाऊ?"

"नक्की."

मग तिने असा काही सुस्कारा सोडला की जणू कुणी तिच्या डोक्यावरची घागर उतरवली. "मग आजच उरकून टाका. त्या डॉक्टरला विचार, उद्या बाराला मी जागी असेन ना? पोर आलं आणि मी घोरत पडले असं नको." मी विचारलं. डॉक्टर म्हणाला, असाल. तिने सही केली, मराठीत, एकेक अक्षर सुटं. नेताना मला म्हणाली, "पोहे भिजवलेस काय? काढून कुणाला तरी दे. उद्याला नवे भिजव." दहाला दहा कमी असताना त्या दोन झडपांच्या दारातून तिला आत नेलं.

सव्वाबाराला डॉक्टर बाहेर आला. टोपी हातात होती. हृदय थांबलं, आम्ही पुष्कळ प्रयत्न केला, म्हणाला. त्याची काही चूक नव्हती आणि मी कधी तसं म्हटलेलं नाही.

त्यानंतरची एक तास वीस मिनिटं मी कशी काढली हे मला सांगता येत नाही. माणूस मेल्याचं दुःख करायला तरी मोकळीक असते. आम्हाला ती नव्हती, कारण दादा कुठल्या मिनिटाला त्या दारातून येणार हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. आता तो बाहेर पडला असेल. आता टॅक्सीवाल्याने त्याचं नाव वाचलं असेल. आता तो खिडकीतून हा देश बघत असेल आणि आईला काय सांगायचं ते जुळवत असेल. अंकल बाकावर माझ्या शेजारी बसले होते. मी म्हणाले, "काहीतरी बोला ना." त्यांनी खिशातलं घड्याळ काढून बाकावर पालथं ठेवलं. मी सारखी दारावरच्या घड्याळाकडे बघत होते आणि देवाकडे मागत होते की या माणसाचा हिशेब एकदा तरी चुकू दे, विमान खरंच अडकलेलं असू दे, म्हणजे निदान आम्ही खोटं बोललो नाही असं होईल.

एक पस्तीसला दादा आला. दोन्ही हातांत बॅगा, अंगाला बोंबलांचा वास, केस पिकलेले, आणि तोंडभर हसू. त्याला वाटलं आईला जरा बरं नाही. "आई कुठाय गं?" त्याने विचारलं.

संध्याकाळच्या आत दफन झालं, इथे थांबत नाहीत. दादाने कद्दिश म्हटला, मुलाने आईबापासाठी म्हणायची प्रार्थना. मग सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसायचे. तिसऱ्या दिवशी घर भरलेलं होतं. कुणीतरी बाई हळहळत बोलून गेली, की बिचारीला कळलंच नाही मुलगा वाटेत आहे, तिला वाटलं उद्या येणार. दादाने मान वर केली.

"उद्या? तिला कुणी सांगितलं उद्या?"

मी त्या वेळी सुतकात द्यायच्या उकडलेल्या अंड्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. अंकल खिडकीजवळ बसले होते.

"मी सांगितलं," ते म्हणाले.

"का?"

"ऑपरेशनला हो म्हणावं म्हणून."

"आणि तुम्हाला असं कुणी सांगितलं होतं?" दादाचा आवाज चढला. "कुणाच्या परवानगीने? नऊ वर्षांनी मी येत होतो! तिने वाट बघितली असती तर मी तिला भेटलो असतो! कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

अंकलनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. "कुणी नाय," ते म्हणाले.

"मग उठा आमच्या घरातून."

ते उठले. दाराशी वाकून त्यांनी बूट घातले, नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला, आणि एवढ्या माणसांत कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. ताटातली अंडी गडगडू नयेत म्हणून ताट सरळ धरून उभी राहिले. हे माझ्या चांगलं लक्षात आहे, की मला त्या वेळी अंड्यांची काळजी होती.

महिन्याने कागद घ्यायला इस्पितळात गेले तेव्हा त्या डॉक्टरला विचारलं, न केलं असतं तर? तो म्हणाला, दुसरा दिवस उजाडला नसता. आणि त्या दिवशी दुपारी दीडला? त्याने विचार केला. "असती. बहुतेक बोलतही असती." त्याने मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलं नाही. मी त्याचे आभार मानले आणि बाहेर येऊन बसस्टॉपवर रडले.

दादा मुंबईला परत गेल्यावर मी खाली गेले. म्हणाले, "अंकल, मी दादाला सगळं लिहून कळवते." गोल टेबलावर नव्हता. टाचण्या एका वाटीत काढून ठेवलेल्या होत्या. ते चहा गाळत होते.

"लिहू नको," ते म्हणाले. "त्याला राग धरायला कुणीतरी पायजे. मी लांबचा माणूस, माझ्यावर धरून त्याचं चालेल. तुझ्यावर धरला तर त्याला कोण उरलं?"

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! लाज वाटायला हवी होती, ती पुढे वाटली. त्या दिवशी मी त्यांचा चहा प्यायले आणि सुटल्यासारखी वर आले.

लोक विचारत राहिले. त्यांनी कुणालाच मिनिटं सांगितली नाहीत. पुढे इराणात राज्य उलथलं आणि तेहरानची वाटच बंद झाली, माणसं युरोपातून फिरून यायला लागली, आणि बायकांनी पोहे अंदाजाने भिजवायला सुरुवात केली. दादा दर नव्या वर्षाला पत्र लिहितो. त्यात शेवटी एक ओळ असते, तो म्हातारा आहे का अजून. मी दर वर्षी लिहिते, आहे. यंदा लिहिलं, गेला. त्यावर दादाचं उत्तर आलं, की मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणून काही लिहीत नाही. ते पत्र वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

त्या सकाळी मी जे बोलले ते चुकीचं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. आई माझी होती, मला ती जगायला हवी होती. त्याबद्दल देव काय ते बघेल. पण ताट धरून मी जी उभी राहिले, त्याला माझ्याकडे काही सबब नाही.

दादा, हे मुंबईतल्या आपल्या लोकांच्या मासिकाकडे पाठवते आहे. तू ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतोस, मला माहीत आहे. तू भरल्या घरात विचारलं होतंस, कुणी सांगितलं होतं तुम्हाला. मी सांगितलं होतं.